चाकांवरचे घर घ्यावे का?

(गणेशोत्सवात ज्येष्ठ सभासदांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मी निवडलेला नाही, तो तुम्हीच माझ्या गळ्यात घातला आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मंडळातले जे सभासद सेवानिवृत्त झाले, त्यांच्यातल्या निदान तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही जन्मभर पिथमपूरला गाड्यांच्या बॉडीचे काम केलेत. सांगा, मोटरहोम घ्यावे का?" फंडाचे पैसे हाती आले आहेत, मुले पुण्याला किंवा परदेशात स्थिरावली आहेत, आणि आता दोघांनी दोन-दोन महिने बाहेर पडून भारत बघायचा, असा बेत आहे. बेत उत्तमच आहे. पण एका जोडप्याची गोष्ट बयाणा देण्यापर्यंत आली आहे असे कळले, म्हणून आज आडपडदा न ठेवता बोलतो. निवृत्तीचा पैसा एकदाच मिळतो.

हे वेड येते कुठून? आपल्यापैकी बरेच जण मुलांकडे अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला, न्यूझीलंडला जाऊन आले आहेत. तिथे मुलाने आठ दिवसांसाठी मोटरहोम भाड्याने घेतले. तळ्याकाठी गाडी लावली, आत चहा केला, खिडकीतून बर्फाचा डोंगर पाहिला. परत आल्यावर माणूस म्हणतो, असे आपल्याकडे का नको? पण तिथे आपण पाहिली ती गाडी. गाडीखालची जमीन आपण नीट पाहिली नाही. तिथल्या हॉलिडे पार्कमध्ये गाडी लावायचा आखलेला चौकोन असतो, शेजारी विजेचा खांब असतो, पिण्याच्या पाण्याचा नळ असतो आणि मैल्याची टाकी रिकामी करायची जागा असते. न्यूझीलंडमध्ये तर गावोगाव अशी 'डंप स्टेशन' आहेत. उघड्यावर मुक्काम कुठे करता येईल यासाठी तिथे २०११ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर स्वयंपूर्ण म्हणून नोंद व्हायची तर गाडीत पक्के बसवलेले शौचालय लागते. मोटरहोम तिथे चालते ते या सगळ्या व्यवस्थेच्या जोरावर.

आपल्याकडे सुरुवात झालेली नाही असे नाही. आपल्या मध्य प्रदेश पर्यटनाने मागे कॅरॅव्हॅन भाड्याने दिल्या होत्या. केरळने आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. केरळात वागमोनला २०२२ मध्ये कॅरॅव्हॅन पार्कही सुरू झाले. पण इंदूरहून निघून रोज संध्याकाळी पुढचे असे ठिकाण हमखास मिळेल, अशी साखळी अजून झालेली नाही. मग गाडी लावायची कुठे? पेट्रोल पंपावर, ढाब्यावर, नाहीतर एखाद्या हॉटेलच्या आवारात, मालकाला विनंती करून. आणि हॉटेलच्या आवारातच झोपायचे, तर हॉटेलात का नको?

हा विचार आपल्या इंदूरकरांना तरी परका वाटू नये. अहिल्याबाई १७९५ मध्ये गेल्या. काशी, गया, सोमनाथ ही त्यांची मंदिरे आणि घाट आपल्याला पाठ असतात, पण त्यांच्याबरोबर त्यांनी वाटेवर धर्मशाळा, विहिरी, बारवा आणि अन्नछत्रे उभी केली, ती आपण पटकन विसरतो. यात्रेकरूचे ओझे वाटेने उचलावे, ही ती कल्पना. आपल्या देशात प्रवास असाच वाढला. शेगावचे भक्तनिवास असो, नर्मदाकाठचा आश्रम असो की दक्षिणेतल्या देवस्थानांच्या खोल्या असोत, पाठ टेकायला जागा आपल्याकडे मिळते. पलंग ही आपल्या प्रवासातली अडचण नाहीच.

मग अडचण कोणती? भगिनीवर्ग मनातल्या मनात उत्तर देतोच आहे. शौचालय! वाटेत थांबावे लागू नये म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या काकू-मावश्या आपल्या प्रत्येक सहलीत असतात. पुरुष मंडळींचेही साठीनंतर प्रोस्टेटमुळे फार वेगळे नसते, फक्त ती बोलत नाहीत. म्हणून माझे पहिले सांगणे असे: गाडीत पलंग हवा आहे की शौचालय, हे आधी घरात बसून ठरवा. शौचालयासाठी तीस लाखांची गाडी लागत नाही. त्याकडे मी शेवटी येतो.

आता थोडे माझ्या धंद्याचे. मोटरहोममध्ये तीन गोष्टी सोबत वाहाव्या लागतात: पाणी, वीज आणि मैला.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. १०० लिटर म्हणजे १०० किलो. दोन माणसांनी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली, भांडी पुसून मग धुतली, तरी ते दीड-दोन दिवसांत संपते. वापरलेले पाणी दुसऱ्या टाकीत साठते, म्हणजे वजन कमी होतच नाही, फक्त जागा बदलते.

विजेचे गणित मात्र विक्रेता नीट सांगत नाही. बाराव्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम १.८ युनिट, आणि शिशाची असेल तर टिकावी म्हणून त्यातले निम्मेच वापरायचे. पाऊण टनाचा लहानसा एसी रात्रभर चालवला तर साधारण ४ युनिट खाईल. म्हणजे अशा चार-पाच बॅटऱ्या, आणि एकेकीचे वजन ५० किलोच्या आसपास! छतावर मावतील तेवढे सौर पॅनेल लावले तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी अडीच-तीन युनिट मिळतील. लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या असतात, पण त्या खिशाला जड. आणि मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली एसीशिवाय झोपून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. बाहेरून वीज मिळाली नाही तर जनरेटर चालवावा लागेल. मग तळ्याकाठची शांतता कुठे राहिली?

मैल्याविषयी कुणी बोलत नाही, मी बोलणार. लहान मोटरहोममध्ये बहुधा खालून ओढून काढायची १८-२० लिटरची टाकी असते. दोघांना ती दोन-तीन दिवस पुरते. ती रिकामी करायची तर सेप्टिक टँकला जोडलेले शौचालय हवे. आणि ती आपल्या हाताने रिकामी करायची. ढाब्यावरच्या पोराला पन्नास रुपये देऊन हे काम करून घेऊ, असे ज्यांच्या मनात असेल त्यांनी ही गाडी मुळीच घेऊ नये. हाताने मैला काढायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला, आणि कायदा नसता तरी माझे म्हणणे हेच राहिले असते.

आणखी एक गोष्ट महिलांच्या वतीने. घर सोबत नेले की घरकामही सोबत येते. मोटरहोमच्या जाहिरातीत बाई ओट्यापाशी हसत उभी असते. चाळीस वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईला प्रवासात पुन्हा भांडी घासायची आहेत का, हे तिला विचारले आहे का? मी घरी विचारले. उत्तर इथे सांगण्यासारखे नाही.

कायद्याचे दोन शब्द. जुनी ट्रॅव्हलर किंवा मालवाहू गाडी घेऊन गॅरेजमध्ये आतून बदलून घेण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ते स्वस्त पडते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकात दाखवलेल्या रचनेत आपल्या मर्जीने फेरबदल करता येत नाहीत, आरटीओची परवानगी लागते. ती नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो, आणि तोच तर सर्वांत वाईट क्षण असतो. आपण वापरत नसू तेव्हा गाडी भाड्याने देऊ, असाही विचार काही जण करतात. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीला ते चालत नाही, व्यावसायिक नोंदणी आणि परमिट लागते. परवान्याची मात्र काळजी नको. हलक्या वाहनाचा परवाना ७५०० किलोपर्यंतच्या वाहतूक गाडीलाही चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. परवाना चालतो, पण हात चालतात का? सिमरोलच्या पुढच्या भेरूघाटात समोरून लादलेला ट्रक येत असताना उंच, डुलणारी गाडी वळवायची म्हणजे आपली रोजची मारुती नव्हे. आणि गाडी चालू असताना मागच्या पलंगावर झोपायचे नसते. पट्टा बांधून बसायचेच असते.

आता पैसे. गाडीची किंमत सोयींप्रमाणे बदलते, आपण ३० लाख धरू. तेच ३० लाख ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २ लाख १० हजार व्याज येते. वर्षाकाठी ६० रात्री फिरणार असाल तर रात्रीला ३५०० रुपये झाले, आणि मुद्दल शाबूत! एवढ्यात बहुतेक गावांत स्वच्छ खोली, गरम पाणी आणि सकाळचा नाश्ता मिळतो. शिवाय विमा, देखभाल आणि गाडीची दरवर्षी उतरणारी किंमत मी यात धरलेली नाही. डिझेलही वेगळे. ६००० किलोमीटरला आपली कार लिटरला १५ च्या हिशेबाने ४०० लिटर घेईल, मोटरहोम ९ च्या हिशेबाने साडेसहाशेच्या वर जाईल. उरलेले दहा महिने ती उभी कुठे राहणार, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला आजच विचारून ठेवा.

मग काय करावे? ज्यांचे डोळे आणि गुडघे ठीक आहेत त्यांनी आपलीच कार घ्यावी. दिवसाला २५०-३०० किलोमीटरच्या वर जाऊ नये, दुपारी चारला मुक्कामी पोहोचावे. अंधारात खोली शोधणारा माणूस मिळेल ती खोली घेतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर माहितीचा चालक सोबत घ्यावा, आणि त्याच्या झोपण्याची नीट सोय करावी. तो डासांत जागला तर दुसऱ्या दिवशी जीव आपला धोक्यात असतो. छतावरच्या तंबूचे फॅड तरुणांना लखलाभ, रात्री तीनदा शिडी उतरणे आपल्याला जमायचे नाही.

फार लांब जायचे असेल तर सगळा रस्ता चाकाखाली घालण्याचा अट्टहास कशाला? केरळ पाहायचे आहे ना? आपली अहिल्यानगरी एक्स्प्रेस इंदूरहून थेट तिरुअनंतपुरमला जाते. रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, हे खरेच खटकते. पण खालच्या बर्थचा राखीव कोटा आहे. तिथे उतरून पंधरा दिवस टॅक्सी करा. आणि मोटरहोमची हौस असेलच, तर तिथेच चार दिवस भाड्याने घेऊन भागवा. चालक त्यांचा, टाकी त्यांची.

एवढे बोलूनही मोटरहोम वाईटच, असे मी म्हणणार नाही. ज्या घरात कुणी पक्षाघाताने आजारी आहे, मोठे अपंग मूल आहे, हॉटेलच्या पायऱ्या आणि अरुंद न्हाणीघर ज्यांना ओलांडता येत नाही, त्यांना प्रवासाचा दुसरा मार्गच नसतो. त्यांच्यासाठी खर्चाचा हिशेब वेगळा. त्यांनी पक्की नोंदणी असलेली गाडी जरूर पाहावी, आधी भाड्याने घेऊन.

पण त्याच्या अलीकडचीही एक वाट आहे. माझ्या सासूबाईंना पक्षाघातानंतर एकदा नरसोबाच्या वाडीला जायचे होते. इंदूरहून सुमारे ८०० किलोमीटर. घरात सगळे नाही म्हणाले. आम्ही भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर केली. मागच्या सलग सीटवर गादी घातली. औषधाच्या दुकानात मिळते ती कमोडची खुर्ची घेतली, खाली झाकणाचे भांडे, आत पिशवी आणि लाकडाचा भुसा. दोन जाड पडदे दोरीवर. खुर्ची प्रवासात बांधून ठेवायची आणि गाडी थांबवूनच वापरायची. पहिला मुक्काम धुळ्याला, दुसरा पुण्याला, दोन्हीकडे तळमजल्याची खोली आधीच सांगून ठेवलेली. सासूबाई रस्त्यात पोटभर पाणी प्यायल्या. वाडीला कृष्णेचे पाणी पायाला लावून घेतले, दोन तास घाटावर बसल्या. आठ महिन्यांनी त्या गेल्या. गाडीचे भाडे सोडले तर त्या सगळ्या सोयीला तेव्हा चार हजारही लागले नव्हते.

कार्तिकी एकादशीनंतर आपली काही मंडळी गाडीने नर्मदा परिक्रमेला निघणार आहेत. पायी सुमारे २६०० किलोमीटरची परिक्रमा गाडीने ३ हजारांच्या पुढेच जाते, आणि खेड्यांतले रस्ते अरुंद, विजेच्या तारा खाली आलेल्या. तिथे मोटरहोमचा विचारही नको. आश्रमात जागा मिळते, पण शौचालये दूर असतात आणि पहाटे रांग असते. ती खुर्ची आणि पडदे माझ्याकडे माळ्यावर आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी विसर्जनानंतर येऊन घेऊन जावे, फक्त येण्याआधी फोन करावा, माळ्यावर चढायला मला आता कुणाची तरी मदत लागते.