फिरकी शोधणाऱ्या पेशी



मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या सूनबाई हातात एक कागद घेऊन दारात उभ्या राहिल्या. तिसरा महिना लागला होता. डॉक्टरांनी टॉर्च, म्हणजे गरोदरपणातल्या काही संसर्गांची, चाचणी करायला सांगितली होती आणि रिपोर्टात पहिल्याच ओळीत ठळक छापलं होतं: टॉक्सोप्लाझ्मा, आयजीजी पॉझिटिव्ह. हा रोग मांजरामुळे होतो एवढं घरच्यांनी मोबाइलवर वाचलं, आणि सासूबाई मनीला पिशवीत घालून मंडईपाशी सोडूनही आल्या. मी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, म्हणून तो कागद माझ्याकडे आला. खालची ओळ कुणी वाचलीच नव्हती. ताज्या संसर्गाची खूण असलेलं आयजीएम निगेटिव्ह. म्हणजे संसर्ग जुना, कदाचित ती शाळेत असतानाचा. शरीरानं त्याची ओळख केव्हाच पटवून ठेवलेली, त्यामुळे बाळाची काळजी नको. संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, तेव्हा कुठे त्या घरात चहाचं आधण पडलं.

पण जाता जाता तिनं विचारलं, “काकू, जुना म्हणजे तो आता गेला ना?”

माझ्या तोंडून पटकन निघालं, “गेला नाही गं. असेल मेंदूत कुठेतरी झोपलेला.”

असं तोडून बोलायला नको होतं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तिला तेव्हा नीट न सांगितलेलं आज तुम्हाला सांगते.

हा टॉक्सोप्लाझ्मा म्हणजे एकपेशीय परजीवी. १९०८ साली ट्युनिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शार्ल निकोल आणि लुई मांसो यांना तो गुंडी नावाच्या प्राण्यात सापडला. ही गुंडी सदऱ्याची नव्हे, तर उत्तर आफ्रिकेतल्या खडकांत राहणारा एक कुरतडणारा जीव. नाव देताना गुंडीचं ‘गोंडी’ झालं आणि शास्त्रात ते तसंच चिकटलं. ‘टॉक्सो’ म्हणजे ग्रीक भाषेत धनुष्य, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तो बाकदार दिसतो. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांनाही तो सशात सापडला होता.

मांजराच्या आतड्यात त्याचं खरं घर. पण एखादं मांजर आयुष्यात बहुधा एकदाच, तेही दोनेक आठवडे, त्याची अंडुकली विष्ठेतून बाहेर टाकतं आणि ती बाधक व्हायलाही निदान एक दिवस लागतो. माणसाला तो गाठतो मातीच्या हातांतून, न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, नीट न शिजलेल्या मटणातून. तेव्हा मनीला एकटीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात अर्थ नाही. जगातल्या सुमारे एक तृतीयांश माणसांना हा संसर्ग होऊन गेलेला असावा, असा अंदाज आहे. बहुतेकांना आलेली कणकण आठवतही नाही.

शरीरात शिरला की तो आधी भराभर वाढतो. मग प्रतिकारशक्ती मागे लागली की चाल बदलतो: स्नायूंत आणि मेंदूत जाऊन स्वतःभोवती कवच विणतो आणि त्या गाठोळीत संथपणे राहतो. मेंदूत त्याची आवडती जागा चेतापेशी. या गाठोळ्या पुसून टाकणारं औषध आजही डॉक्टरांच्या हाती नाही. उंदरांना मांजराची भीती वाटेनाशी होते, माणसाचं मनही हा जीव चालवतो, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. उंदराच्या बाबतीत प्रयोग झालेत. माणसाच्या बाबतीत मात्र बातमी पुढे आणि पुरावा मागे अशी स्थिती आहे. मला त्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीचं नवल वाटतं. इतक्या माणसांच्या डोक्यात हा जीव बसलेला असताना ती सगळी आजारी का नाहीत?

आमच्या वेळी मुलांना शिकवायचो की मेंदू हा प्रतिकारशक्तीच्या हद्दीबाहेरचा मुलूख. त्याला आधार होता तो पीटर मेडावर यांच्या १९४८च्या प्रयोगाचा. सशाच्या मेंदूत परक्या कातडीचा तुकडा बसवला तर तो तिथे टिकायचा. पण त्याच प्रयोगाचा दुसरा भागही होता. आधी सशाच्या अंगावर तसाच तुकडा लावून शरीर सावध केलेलं असेल, तर मेंदूतला तुकडाही नाकारला जायचा. पाठ्यपुस्तकांना पहिला भाग आवडला, दुसरा गळला. मीही वर्षानुवर्षं पहिलाच भाग फळ्यावर लिहिला, हे कबूल केलं पाहिजे.

१९८८ साली यासुहिरो सुझुकी, जॅक रेमिंग्टन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक साधा पण मर्मावर बोट ठेवणारा प्रयोग केला. उंदरांना टॉक्सोप्लाझ्माच्या सौम्य वाणाचा संसर्ग दिला. एरवी असे उंदीर मेंदूत गाठोळ्या घेऊन बिनबोभाट जगतात. पण काही उंदरांतला इंटरफेरॉन गॅमा हा एकच रासायनिक निरोप त्यांनी निष्प्रभ केला, आणि ते उंदीर मेले. हा निरोप मुख्यतः टी पेशींकडून जातो, म्हणजे रक्तातल्या त्या पांढऱ्या पेशी ज्या शत्रूची खूण लक्षात ठेवतात. तो पोचला की संसर्ग झालेली पेशी स्वतःच आतल्या परजीवीचं जगणं मुश्कील करते. माणसातला पुरावा त्याच काळात रुग्णालयांतून येत होता, आणि तो फार कठोर होता. एड्सच्या ज्या रुग्णांच्या रक्तात मदतनीस टी पेशी घनमिलिमीटरला शंभराच्या खाली उतरल्या, त्यांच्या मेंदूत वर्षानुवर्षं गप्प असलेला टॉक्सोप्लाझ्मा उसळून आला. झटके, लकवा, बेशुद्धी. तो नव्यानं आलेला नव्हता. पहारा उठला होता.

आता प्रश्न असा की मेंदूएवढ्या अफाट जागेत मूठभर पहारेकऱ्यांना तो सापडतो कसा?

इथे ताजी हॅरिस या संशोधिकेचं काम येतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ख्रिस्तोफर हंटर यांच्या प्रयोगशाळेत असताना तिनं आणि सहकाऱ्यांनी संसर्ग झालेल्या उंदरांच्या मेंदूत सीडी-८ जातीच्या टी पेशी लेझरच्या खास सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना टिपल्या. या मारेकरी पेशी. त्या वासावर जाणाऱ्या कुत्र्यासारख्या सरळ जात असतील, नाहीतर पाण्यातल्या परागकणासारख्या कशाही भरकटत असतील, असं वाटलं असतं. दोन्ही नव्हतं.

घरात कानातल्याची फिरकी पडली की आपण काय करतो, आठवा. सतरंजीची कड उचलायची, फरशीच्या सांध्यातून नख फिरवायचं, एकाच हातभर जागेत चाचपत बसायचं. नाही सापडली की उठायचं, तडक दुसऱ्या खोलीत जायचं आणि तिथे पुन्हा खाली बसायचं. या पेशी तेच करत होत्या. बरीच लहान लहान पावलं, आणि मधूनच एक लांब धाव. गणितात याला लेव्ही चाल म्हणतात, पॉल लेव्ही या फ्रेंच गणितज्ञाच्या नावावरून. संशोधकांच्या गटात आंद्रेआ लिउ या भौतिकशास्त्रज्ञही होत्या, म्हणून हा हिशेब मांडता आला. विरळ लक्ष्य असेल तर नुसत्या भरकटण्यापेक्षा या चालीनं ते दहापटीहून जास्त कार्यक्षमतेनं सापडतं, असं त्यांच्या गणितातून निघालं. सीएक्ससीएल-१० नावाचा रासायनिक संदेश या पेशींना मेंदूत टिकवून धरतो आणि त्यांचा वेग वाढवतो, पण चालीची तऱ्हा बदलत नाही. कुठे बघ हे तो सांगत नाही, भरभर बघ एवढंच सांगतो. २०१२ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. शिंपल्यांपासून माकडांपर्यंत अन्न शोधणाऱ्या प्राण्यांत अशीच चाल आधी नोंदली गेली होती.

दरम्यान सुझुकींच्या गटानं दाखवलं होतं की गाठोळीसुद्धा या मारेकरी पेशींपासून पूर्ण सुरक्षित नसते. परफोरिन हे भोकं पाडणारं प्रथिन वापरून त्या काही गाठोळ्या नाहीशा करतात. मला हे वाचून बरं वाटलं. पहारा म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे.

पण परजीवीही कच्चा नाही. जी पेशी त्याला पकडायला येते, तिच्यातच तो शिरू शकतो. पहारेकऱ्याच्याच चौकीत चोर. हॅरिस आता शार्लट्सव्हिलच्या व्हर्जिनिया विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा चालवतात. त्यांच्या गटानं २०२५ मध्ये याचं उत्तर पुढे आणलं. टी पेशींमध्ये कॅस्पेज-८ नावाचं एक विकर असतं, आणि ते पेशीला स्वतःहून मरायला लावू शकतं. टॉक्सोप्लाझ्मा फक्त जिवंत पेशीच्या आतच वाढतो, त्यामुळे पेशी मेली की त्याचा निवारा गेला. हे विकर टी पेशींतून काढून टाकलेले उंदीर त्यांनी तयार केले, आणि त्यांना व विकर असलेल्या उंदरांना टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग दिला. प्रतिकार दोन्ही गटांत जोरदार उभा राहिला, टी पेशींची फौज आली. तरी विकर नसलेल्या उंदरांच्या मेंदूत परजीवी फार वाढले, उंदीर खंगले आणि मेले. त्यांच्या सीडी-८ पेशी तपासल्या तर त्यांच्यातच परजीवी बसलेले, विकर असलेल्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात.

मग या मंडळींनी जुने शोधनिबंध चाळले. सीडी-८ पेशीत बिऱ्हाड करणारे रोगजंतू आणखी कोणते? फारच थोडे निघाले. जे निघाले, त्यांना कॅस्पेज-८ला हात घालण्याची युक्ती साधलेली आहे, असं त्यांचं म्हणणं.

शेजारच्या सूनबाईंना मुलगी झाली. मनी चौथ्या दिवशी आपली आपण मंडईतून घरी आली होती.