आवाज बसलाय गळ्यात, कारण असेल छातीत



माऊलींची पालखी आपल्या नातेपुत्यात मुक्कामाला येते, तेव्हा अभंग म्हणून म्हणून कितीतरी जणींचा आवाज बसतो. चार-आठ दिवसांत तो सुटतो. पण तीन आठवडे उलटूनही आवाज घोगरा किंवा फुसका येत असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल, तर ज्येष्ठमधावर भागवू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टर नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू बघतात. बोलताना दोन्ही तंतू जवळ येतात, श्वास घेताना लांब जातात. एखादा हलतच नसेल, तर त्याला लकवा झालाय. बहुतेक वेळा दोष मेंदूत नसतो. तंतू हलवणाऱ्या नसेवर कुठेतरी दाब किंवा इजा असते. कुठे, ते मात्र दुर्बिणीत दिसेलच असं नाही.

कारण या नसेची वाट लांबची आहे. डावी नस गळ्यातून छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा वर स्वरयंत्राकडे येते. नातेपुत्याहून फलटणला निघालेली एसटी आधी पंढरपूरला जाऊन माघारी यावी तशी! उजवी नस मानेच्या पायथ्याशीच वळते. या वाटेवर थायरॉईडची गाठ, फुफ्फुसाचा कॅन्सर, क्षयाच्या गाठी किंवा फुगलेली रक्तवाहिनी असली, तरी आधी आवाजच बिघडू शकतो. हृदयाची झडप अरुंद होऊनही असं होतं. ऑर्टनर या डॉक्टरांनी ते १८९७ मध्येच नोंदवलं होतं. त्यासाठी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको करतात.

म्हणून नुसत्या गळ्याचा फोटो पुरत नाही. छातीचा एक्स-रे स्वस्त असतो, पण छोटी गाठ त्यात सुटू शकते. सीटी स्कॅन कवटीच्या तळापासून छातीपर्यंत, नसेच्या सगळ्या वाटेचा हवा. "डॉक्टर, स्कॅन छातीपर्यंत घेणार ना?" एवढं बिनधास्त विचारा. दिवस गेले असतील, किडनीचा आजार किंवा औषधाची ॲलर्जी असेल, तर आधीच सांगा. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर लगेच आवाज गेला असेल, तर कारण उघड असतं; स्कॅन लागेलच असं नाही.

कधी काहीच सापडत नाही. मग निदान गाठ नाही, एवढा तरी जीवाला दिलासा मिळतो. काहींचा आवाज काही महिन्यांत आपोआप परततो, काहींना आवाजाचे व्यायाम किंवा छोटं ऑपरेशन लागतं.

बाईचा आवाज बसला, तर घरात कुणी फारसं मनावर घेत नाही. तुम्ही घ्या. थुंकीतून रक्त, मानेत गाठ किंवा श्वासाला घरघर असेल, तर तीन आठवडेही थांबू नका.