मुलांचें नाटक आणि दिग्दर्शकाची शिकवणी

भाताची कापणी उरकली आणि मंडईचे दिवस आले म्हणजे पूर्व विदर्भांतील झाडीपट्टींत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील गांवांत रात्र रात्र प्रयोग चालतात आणि मुलें चादरी पांघरून ते पाहत बसतात. याच रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री हा किताब मिळाला. तेव्हां देवरीसारख्या तालुक्याच्या गांवीं शाळकरी मुलांचें नाटुकलें बसवावयास निघालेल्या हौशी दिग्दर्शकाला पहिला धडा मिळतो तो हा, कीं त्याचे नट कोरे नसतात. खलनायकाचें गडगडाटी हास्य, नायिकेचा हुंदका, छातीवर आपटलेली मूठ, हें सारें त्यांना न शिकवितां येतें. येत नाहीं तें एकच: समोरच्या मुलाशीं खरोखर बोलणें.

जुन्या नाटक मंडळ्यांची तालीम बव्हंशीं अनुकरणावर उभी होती. तालीममास्तरानें वाक्य म्हणून दाखवावें आणि मुलानें तें त्याच हेलांत परत म्हणावें. या पद्धतीला नांवें ठेवणें सोपें आहे. पण १८९० सालीं जन्मलेल्या केशवराव भोसल्यांनीं देवलांच्या १८९९ सालच्या 'शारदा' नाटकांतील नायिकेची भूमिका पोरवयांतच गाजविली, हें विसरतां येत नाहीं. मात्र कंपनींतील मूल तेथेंच जेवे, तेथेंच निजे आणि वर्षानुवर्षें थोरांचा अभिनय पडद्याआडून पाही. अनुकरण मुरावयास त्याला अवधि होता. हौशी दिग्दर्शकाच्या हातीं शाळा सुटल्यानंतरचा एक तास आणि फार तर तीन आठवडे. एवढ्यांत मुलाच्या पदरीं पडतें तें मास्तरांच्या आवाजाचें टरफल. म्हणून स्वतः करून दाखविण्याची हौस आवरणें हीच दिग्दर्शकाची खरी शिकवणी. आणि ती हौस नसलेला मनुष्य या कामाला सहसा येतच नाहीं!

दुसरी अडचण भाषेची. देवरी छत्तीसगडच्या सीमेलगत. मुलाच्या घरांत झाडीबोली, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी यांपैकीं कांहींही असूं शकतें. नाटुकल्याची भाषा मात्र छापील. दर वाक्याला उच्चार सुधारूं लागलें, कीं मुलाचा आवाज बसत जातो, आणि तालमींत एकदां लाजलेलें मूल पुन्हां रंगमंचाकडे फिरकत नाहीं.

त्यापेक्षां पुस्तक बाजूस ठेवून प्रवेश आधीं घरच्या बोलींत होऊं द्यावा. समजा, आई तांदूळ पाखडते आहे आणि मुलगी शिकावयास परगांवीं जाण्याची परवानगी मागते आहे. आईच्या हातीं खरें सूप द्यावें. हातांना काम मिळालें, कीं हातवारे आपोआप थांबतात. मुलीला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभें करावें. 'मोठ्यानें बोल' असें सांगावेंच लागत नाहीं. मग एकच विचारावें: आईनें नाहीं म्हटलें तर तूं काय करशील? या प्रश्नाचें उत्तर सांपडलेली मुलगी छापील वाक्याकडे स्वतःच येते, क्वचित् तें थोडें मोडूनहि. तें मोडलेलें वाक्य ठेवावें कीं नाटककाराचें, येथें दिग्दर्शकाचा कस लागतो. अर्थ बदलत नसेल तर मुलीचें ठेवावें. प्रयोगाच्या रात्रीं प्रॉम्प्टरचा आवाज पेटीच्या सुरांत बुडाला, तर तिच्या मदतीला तेंच येतें.