दुसऱ्या मोजणीची तयारी



राहुरीत शेतीच्या पदवीधरांसमोर उभं राहून मी जंगलाबद्दल बोलणार आहे, तेही जंगल मोजण्याबद्दल. आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, जिभेला अजून वळण पडायचंय) जंगल आहेच किती, असं मागच्या रांगेत कुणी पुटपुटलंही असेल. ते कोण आणि कसं ठरवतं, हेच मला सांगायचंय.

देशातली वनं मोजण्याचं काम देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था करते. ती १९८१ची. तिचं पूर्वरूप १९६५ पासून कामाला लागलं होतं आणि तेव्हाचा प्रश्न रोकडा होता : उद्योगांना लाकूड किती मिळेल? पुढे प्रश्न बदलले, कर्ब आला, जैवविविधता आली. उपग्रहाला वरून झाडांचं छत दिसतं. बुंध्याचा घेर, मातीतला सेंद्रिय कर्ब, खाली उगवलेली रोपं यांसाठी मात्र पायीच जावं लागतं. त्यासाठी २०१६ पासून देशभर पाच बाय पाच किलोमीटरच्या चौकटी आखल्या आहेत. दरवर्षी एक पंचमांश चौकटी, पाच वर्षांत फेरी पूर्ण, मग पुन्हा पहिल्या जागी. आपला जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा. भागाकार केलात तर ६८०च्या आसपास चौकटी निघतात.

'पुन्हा पहिल्या जागी' हे बोलायला सोपं आहे. पहिल्या मोजणीतून नुसता आकडा मिळतो. काय वाढलं, काय तुटलं, काय मेलं, ते दुसरीनंतर कळतं. म्हणून आराखडा करणाऱ्यानं आधी दुसऱ्या मोजणीचा विचार करायचा. हरिश्चंद्रगडाच्या उतारावर एखादं झाड मोजताना टेप धरायचा तो चढाच्या बाजूच्या जमिनीपासून १.३७ मीटरवर. पुढच्या वेळी आलेल्या नव्या माणसानं उताराच्या बाजूनं उंची धरली, तर टेप बुंध्यावर खाली सरकतो, घेर जास्त भरतो आणि अहवालात झाड वाढल्याची नोंद होते. बरं, झाडावर ठळक रंगाचा पट्टा मारून ठेवावा, तर तेवढंच झाड सगळे जपतात, आणि मग तो तुकडा आजूबाजूच्या रानाचा नमुनाच उरत नाही. म्हणून काही देशांत खुणेची लोखंडी मेख जमिनीत पुरतात आणि धातुशोधकानं हुडकतात. नॉर्वेनं १९१९ मध्ये आणि फिनलंडनं १९२१ मध्ये सुरू केलेली मोजणी आजही चालू आहे. असल्या चिकाटीपुढं आपली दर पाच वर्षांनी बदलणारी कंत्राटी माणसं आणि हरवणाऱ्या नोंदवह्या ठेवून पाहा.

पण मला खरी काळजी आहे जंगलाच्या व्याख्येची. एक हेक्टरहून मोठी जागा, तिच्यावर निदान दहा टक्के झाडांचं छत, मग मालकी कुणाचीही असो, झाड कोणतंही असो. सरकारी हिशेबात ते वनाच्छादन. म्हणजे ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ जंगलात धरली जाते. कर्जतजवळ रेहेकुरीच्या ज्या उघड्या माळावर काळविटं चरतात, तो छत नाही म्हणून बाहेर राहतो. माळढोकासाठी १९७९ मध्ये जे अभयारण्य झालं, त्यात सोलापूरबरोबर आपल्याही जिल्ह्यातले माळ होते. माळढोकाला लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जागा लागते. त्याच माळावर खड्डे घेऊन झाडं लावली, तर पक्ष्याचं घर जातं आणि अहवालातला आकडा मात्र चढतो. खोटं कुणी बोललेलं नसतं. हा घोटाळा, माझ्या मते, आराखड्याच्या टेबलावरच होऊन जातो. अकोले तालुक्यात तेच. तिथला आदिवासी बाळहिरडा गोळा करून चार पैसे मिळवतो, आणि आपण हिरड्याच्या झाडाचं लाकूड किती घनमीटर ते लिहितो.

मोजलेलं वाचतं कोण, हाही प्रश्न आहे. हिवरेबाजार गावाला सगळेच जाऊन आला असाल. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाहुण्यांना आवर्जून सांगतात. मला तिथलं पाण्याचं अंदाजपत्रक जास्त मोलाचं वाटतं. पाऊस किती पडला, विहिरींना किती पाणी आहे, ते मोजायचं, ग्रामसभेत मांडायचं आणि त्यावर पिकं ठरवायची. मोजणाऱ्याला ठाऊक असतं की आपला आकडा वाचायला गाव बसणार आहे, म्हणून तो आकडा जपून लिहितो. देहरादूनच्या आकड्यांसाठी अशी बैठक तालुक्याला कुठे होते?

कुलगुरू महोदय, पाहुण्यानं यजमानाकडं मागणं करू नये, तरी करतो. मारवेल गवताचे सुधारित वाण या विद्यापीठानं दिलेले आहेत, म्हणजे गवत ओळखणारी माणसं इथं आहेत. त्या ६८० चौकटींपैकी श्रीगोंदा, कर्जत, नेवाशाच्या माळावरच्या थोड्या निवडा. पाऊस सरला की गवताला तुरे येतात, तेव्हा मारवेल कुठलं आणि कुसळी कुठली ते ओळखू येतं. पहिली नोंद तेव्हाच घ्या. मेखा पुरा, नकाशाच्या दोन प्रती करा आणि एक विद्यापीठाबाहेर, त्या त्या ग्रामपंचायतीत ठेवा. मनुष्यबळ नाही असं आज तरी म्हणता येणार नाही; ते समोरच बसलंय.