नाटकाच्या भित्तिपत्रकाचा पहिला आराखडा

नाटककाराला प्रेक्षकांचे तीन तास मिळतात. भित्तिपत्रक काढणाऱ्या चित्रकाराला रस्त्यानें जाणाऱ्या माणसाचे तीन क्षणहि पुरते मिळत नाहींत. तो माणूस घाईंत असतो, रस्त्याच्या पलीकडून पाहत असतो, आणि शेजारच्या दहा जाहिराती त्याची नजर आपल्याकडे ओढीत असतात. शिवाय भित्तिपत्रक हें नाटकाच्या आधीं भिंतीवर लागावें लागतें. जें अद्याप रंगभूमीवर उभें राहिलें नाहीं, त्याचें सार चित्रकारानें आधींच ओळखावयाचें असतें. म्हणून पहिला कच्चा आराखडा हाच या कामांतला सर्वांत कठीण भाग होय.

अशा वेळीं पहिला मोह होतो तो सर्वच सांगण्याचा. कळसाचा प्रसंग, त्यांतील सारीं पात्रें, मागें राजवाडा, वर नटांची नांवें! असें चित्र जवळून भरगच्च दिसतें आणि वीस पावलांवरून नुसता रंगीत गोंधळ भासतो. हा मोह दोघां तरुण इंग्रज चित्रकारांनीं कसा जिंकला आणि त्याचें त्यांना काय फळ मिळालें, ही हकीकत उद्बोधक आहे.

विल्यम निकल्सन आणि जेम्स प्राइड हे मेहुणे-मेहुणे. प्राइडची बहीण निकल्सनला दिलेली. 1894 सालीं निकल्सनचें वय बावीस, प्राइडचें अठ्ठावीस. भित्तिपत्रकांच्या कामासाठीं त्यांनीं ‘बेगरस्टाफ’ हें टोपणनांव घेतलें. तें त्यांना वैरणीच्या एका पोत्यावर छापलेलें आढळलें होतें. त्याच वर्षीं एडवर्ड गॉर्डन क्रेग हा तरुण नट एका फिरत्या नाटकमंडळींत हॅम्लेटची भूमिका करीत होता. प्रसिद्ध नटी एलन टेरी हिचा हा मुलगा; पुढें नेपथ्याच्या कलेंत त्यानें मोठें नांव मिळविलें. त्याच्या ‘हॅम्लेट’साठीं या दोघांनीं भित्तिपत्रक केलें.

‘हॅम्लेट’मध्यें काढण्याजोगें काय नाहीं? तटावर फिरणारें भूत आहे, वेडी झालेली ऑफेलिया आहे, शेवटचें द्वंद्वयुद्ध आहे. दोघांनीं हें सारें वगळलें. खाकी कागदावर एकट्या हॅम्लेटची काळी आकृति आणि कवटीकडे लागलेली त्याची दृष्टि, एवढेंच त्यांनीं ठेविलें. जगावें कीं मरावें या प्रश्नानें ग्रासलेला माणूस दाखविण्यास त्यांहून अधिक कांहीं लागत नव्हतें.

त्यांची रीतहि या विचाराला साजेशीच होती. ते रंगीत कागद कात्रीनें कापून मोठ्या कागदावर चिकटवीत. कात्रीला बारीकसारीक छटा काढतां येत नाहींत. म्हणून प्रत्येक आकार ठळक आणि निश्चित होतो. शिवाय कापलेला तुकडा चिकटविण्यापूर्वीं इकडे-तिकडे सरकवून पाहतां येतो, आणि नको असेल तर सरळ उचलून टाकतां येतो. कित्येकदां ते आकृतीची कडसुद्धां अर्धीच सोडीत आणि उरलेली पाहणाराच्या डोळ्यानें मनांत पुरी करावी असें योजीत. पाहणारा असा कामाला लागला कीं चित्र त्याच्या ध्यानांत राहतें.

1895 सालीं त्यांनीं सर हेन्री अर्विंग यांच्या ‘डॉन क्विक्झोट’साठीं आराखडा केला: घोड्यावर स्वार झालेला तो भोळा वीर, आणि त्याची पवनचक्की. अर्विंग हे लंडनच्या लायसियम नाटकगृहाचे चालक आणि प्रमुख नट. त्यांनीं तें चित्र विकत घेतलें, परंतु भिंतीवर मात्र लावलें नाहीं. बेगरस्टाफांची वाखाणणी होत गेली. पैसा फारसा मिळाला नाहीं. शतक संपतां संपतां दोघांची भागीदारीहि संपली.

त्याच सुमारास पॅरिसमध्यें दैवाचा कौल उलटा पडला. सारा बर्नहार्ट ही नटी स्वतःच रेनेसांस नाटकगृह चालवीत होती. 1894 च्या डिसेंबरांत तिला ‘गिस्मोंडा’साठीं तांतडीनें भित्तिपत्रक हवें होतें. तें काम आल्फोन्स मुखा या फारसें नांव नसलेल्या चित्रकाराकडे आलें. त्यानेंहि एकच व्यक्ति निवडली: हातीं ताडाची फांदी धरलेली नायिका, दोन मीटरांहून उंच आणि अरुंद कागदावर, सौम्य रंगांत. बेगरस्टाफांनीं अलंकार टाकला, मुखानें तो भरपूर ठेविला. पण त्याच्या वेलबुट्टीचा मानहि त्या एका मूर्तीकडेच वळतो. 1895 च्या जानेवारीच्या आरंभीं तें पॅरिसच्या भिंतींवर झळकलें. बर्नहार्टनें मुखाशीं सहा वर्षांचा करार केला.

दोन्हीं ठिकाणीं मालक नटच. दोन्हीं आराखड्यांमागें विचारहि एकच, कीं नाटकांतून एक गोष्ट उचलावी आणि बाकीच्या सोडाव्या. एक भिंतीवर चढला, दुसरा गुंडाळला गेला. तथापि गुंडाळलेलें चित्र हिणकस ठरलें नाहीं. बेगरस्टाफांच्या मोजक्या भित्तिपत्रकांना कलेच्या इतिहासांत आज मानाचें स्थान आहे.

नाटकमंडळींसाठीं आराखडा करणाऱ्यानें यांतून एवढें घ्यावें कीं, रंगाला हात घालण्यापूर्वीं चार-सहा लहान रेखाटनें करावीं, भिंतीला टेकवून दूरून पाहावीं, आणि प्रत्येकांतून एकेक वस्तु काढीत जावें. जी काढतांच नाटकच नाहींसें होतें, ती वस्तु ठेवावी. पुढें मालक तें चित्र भिंतीवर लावील किंवा न लावील. तें चित्रकाराच्या हातीं नाहीं. काय वगळावें हें मात्र सर्वस्वीं त्याच्याच हातीं आहे.