न सांगितलेली लढाई

लखनौहून निघून काकोरी मागे टाकले की मलिहाबाद येते. दसरी आंब्याचे गाव म्हणून ते देशभर ठाऊक आहे. परंतु या भागात नावारूपाला आली ती तलवारीवर पोट असणारी आफ्रिदी पठाणांची घराणी. त्यांतले फकीर मुहम्मद खान हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अवधच्या दरबारी सरदार होते. ‘गोया’ या नावाने ते कविता करीत. गोया म्हणजे बोलणारा. या बोलक्या सरदाराचे नाव उर्दू गद्यात राहिले आहे ते ‘बोस्ताने हिकमत’ या ग्रंथामुळे. आणि तो काही मोहिमांचा वृत्तान्त नव्हे. ‘अन्वारे सुहैली’ या फारसी ग्रंथाचा तो अनुवाद, म्हणजे आडवळणाने आपल्या पंचतंत्राचाच वंशज. सरदाराने लेखणी उचलली ती सिंह, बैल आणि कोल्हे यांच्या गोष्टी सांगण्यासाठी. घराण्याच्या आठवणी लिहिण्याचे काम पुढे पणतूकडे आले. हा पणतू म्हणजे कवी जोश मलिहाबादी आणि ते पुस्तक म्हणजे ‘यादों की बारात’.

शिपाईगिरी केलेला माणूस गोष्टी पुष्कळ सांगतो, पण लढाईची गोष्ट त्यातून निसटते, हा अनुभव मलिहाबादपुरता नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी आणि तेव्हाचा कुलाबा या जिल्ह्यांतील किती तरी घरांना तो परिचयाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली होती. मराठा पलटणी तर कुठे नव्हत्या? 1941 च्या मार्चमध्ये एरिट्रियातील केरेन येथे तिसऱ्या पलटणीने ‘फ्लॅट टॉप’ ही टेकडी घेतली. 1944 च्या मार्चमध्ये चौथी पलटण मणिपूरच्या डोंगरांत सांगशाक येथे जपान्यांच्या वेढ्यात लढली. इटलीतील लढायांत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघा मराठ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही माणसे ज्या घरांतून गेली, त्या घरांत या गावांची नावे मात्र क्वचितच ऐकू आली.

मुलाचा प्रश्न ठरलेला असतो: ‘‘आबा, तुम्ही लढाईत माणूस मारलात का?’’ आणि आबांचे उत्तरही ठरलेले. ते इटलीतल्या द्राक्षांच्या मळ्यांचे वर्णन करतात, बर्फाचे करतात, तोफा ओढणाऱ्या खेचरांच्या खोडीचे करतात. मूल हसते आणि प्रश्न विसरते. तो परत आठवतो तेव्हा मूल पन्नाशीला आलेले असते, आबा गेलेले असतात आणि ट्रंकेच्या तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली, बादशहाचा मुखवटा असलेली पदके हाती लागतात.

या मौनाचे कारण पुष्कळदा भयानकतेत शोधले जाते. शेजारच्या खंदकातला गाववाला डोळ्यांदेखत फुटून गेला, हे चुलीपुढे बसून कोण सांगेल? ते खरेच आहे. पण मौनाची सवय रणांगणावरच लावली गेली होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे तपासण्यासाठी सरकारने स्वतंत्र कचेरी ठेवली होती. शिपायाला लिहिता येत नसे. तो दुसऱ्याकडून लिहवून घेई. गावी पत्र पोचले की ते तिसराच वाचून दाखवी, आणि मधल्या वाटेवर सेन्सॉरचा साहेब बसलेला. इतक्या कानांतून जाणाऱ्या पत्रात माणूस ‘मी खुशाल आहे’ यापलीकडे काय सांगणार? तीस वर्षांनंतरच्या युद्धातही सेन्सॉर होताच.

तरीही हिंदी शिपायाच्या मौनात एक पदर असा आहे, जो इंग्रज किंवा अमेरिकन शिपायाच्या मौनात नाही. इंग्रज शिपाई परतला तेव्हा त्याच्या गावाने त्याला आपला म्हटले. मराठा शिपाई ब्रह्मदेशातून परतला तेव्हा, 1945 च्या नोव्हेंबरात, दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाझ खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला होता. सारा देश आझाद हिंद सेनेच्या बाजूने उभा होता, आणि ते योग्यच होते. पण इंफाळच्या डोंगरांत त्या सेनेच्या समोरच्या बाजूला जो उभा होता, त्याने आपल्या पराक्रमाची कथा कोणत्या तोंडाने सांगावी? तो कोणासाठी लढला, हे त्याच्या मुलाने विचारले नाही तरी गाव विचारीत होते.

या प्रश्नाचा एका मुलाने केलेला शोध जगापुढे आला आहे. कादंबरीकार अमिताव घोष यांचे वडील लेफ्टनंट कर्नल शैलेंद्रचंद्र घोष हे बाराव्या फ्रंटियर फोर्स रेजिमेंटचे अधिकारी होते. 1945 च्या ब्रह्मदेशातील मोहिमेत ते जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सैन्यात लढले. युद्धवृत्तात त्यांचा दोनदा गौरवाने उल्लेख झाला. मुलाने कादंबरी लिहिली, ‘द ग्लास पॅलेस’. तिच्यातला हिंदी अधिकारी मलायात इंग्रजांची बाजू सोडून आझाद हिंद सेनेत जातो. म्हणजे वडील ज्या बाजूला होते, तिच्या नेमक्या समोर. 1998 मध्ये वडील वारले. हस्तलिखिताचे एक पानही त्यांच्या नजरेखालून गेले नव्हते. पुस्तक 2000 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या अखेरच्या टिपणात लेखकाने कबूल केले की, आपली कथा वडिलांच्या अनुभवात आणि त्यांनी स्वतःलाच विचारलेल्या प्रश्नांत किती खोल रुजलेली आहे, हे ते नसताना कळले. ज्याला आपण राजनिष्ठ समजत होतो, तोच मनाशी खटला चालवीत होता, असे या मुलाला आढळले.

घोष अधिकारी होते, हे विसरता येत नाही. अधिकाऱ्याला भाषा असते. कांगॉच्या लढाईत नाव कमावलेले कोल्हापूरकडचे जनरल थोरात यांनी आत्मचरित्र लिहिले. शिपायाने आणि नाईकाने काय लिहावे? टोब्रुकला 1942 च्या जूनमध्ये मराठ्यांची दुसरी पलटण कैद झाली आणि तिच्या जवानांनी पुढली वर्षे युरोपातील छावण्यांत काढली. पराक्रमाचेच जिथे नाव काढले जात नाही, तिथे कैदेचे कोण काढणार?

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तेथील 46 जणांचे स्मारक गावात आहे. अशा शिळा महाराष्ट्रातील अनेक गावांच्या भिंतींत बसविलेल्या आढळतात. या गावातून महायुद्धास इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच बहुधा मजकूर. दोन आकड्यांची वजाबाकी केली की उरतात ते परत आलेले. त्यांच्याविषयी शिळा काही म्हणत नाही.

आता काही मुले, आणि त्याहून अधिक नातवंडे, लंडनमधील क्यू येथील अभिलेखागारापर्यंत पोचतात. तेथे पलटणींच्या रोजनिश्या जपून ठेवलेल्या आहेत. टंकलिखित पान, तारीख, वेळ, नकाशावरील ठिकाणाचा आकडा. सायंकाळी हानीची नोंद असते: गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे, सुभेदार-जमादारांची कधी नावे तर कधी संख्या, आणि हिंदी शिपायांचा केवळ आकडा. मृत अमुक, जखमी तमुक, बेपत्ता इतके. आबा जखमी झाले असतील तर ते त्या आकड्यात आहेत. न जखमी होता रात्रभर त्याच टेकडीवर बसून राहिले असतील, तर त्या पानावर ते कोठेच नाहीत.