विजेचा जोड : लहान दुवा, मोठी जबाबदारी



गावात वीज आली की सर्वांचे लक्ष जाते ते खांबांकडे, तारांकडे आणि दिव्यांकडे. तार जेथे संपते आणि उपकरण जेथे सुरू होते, त्या जोडाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. प्लग आणि सॉकेट, दिव्याचा होल्डर, पेचाखाली आवळलेले तारेचे टोक, पंपाच्या पेटीतील थिंबल ही सारी त्या जोडाचीच रूपे होत. विजेच्या मांडणीतील सर्वांत दुबळी जागा हीच.

जोडाचे काम दुहेरी असते. प्रवाहाला अडथळ्याविना पुढे जाऊ देणे हे एक, आणि माणसाचा हात त्या प्रवाहापर्यंत पोहोचू न देणे हे दुसरे. तीन पिनांच्या प्लगमध्ये ही दोन्ही कामे नेमकी साधली आहेत. भारतात रूढ असलेला गोल पिनांचा प्लग ब्रिटनमधील 1934 सालच्या प्रमाणकावरून आला. ब्रिटनने 1947 साली चपट्या पिनांचा निराळा प्लग स्वीकारला. भारताने गोल पिनाच ठेवल्या. भारतीय मानक 1293 हे या प्लग-सॉकेटांसाठीच आहे.

यातील वरची पिन अर्थिंगची. ती इतर दोहोंपेक्षा जाड आणि लांब असते. जाडीमुळे ती चुकूनही फेजच्या छिद्रात शिरू शकत नाही. लांबीमुळे ती सर्वांच्या आधी जोडली जाते आणि सर्वांच्या नंतर सुटते. उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरलीच, तर तिला जमिनीची वाट आधीपासून मोकळी असते. ही पिन काढून टाकणारा अथवा प्लगावाचून उघडी टोके काडेपेटीच्या काड्यांनी छिद्रांत खोचणारा मनुष्य स्वतःच्या हाताने ते संरक्षण दूर करीत असतो.

दुसरी गोष्ट क्षमतेची. लहान सॉकेट 6 अँपिअरचे, मोठे 16 अँपिअरचे. 230 व्होल्ट दाबावर पहिल्याची मर्यादा 1380 वॅट, तर दुसऱ्याची 3680 वॅट होते. पाणी तापविण्याचा 1500 वॅटचा रॉड लहान सॉकेटवर लावणे म्हणजे त्यावर पेलवणार नाही असा भार टाकणे होय.

सैल जोड आणि उष्णता

सर्वांत फसवा दोष सैल जोडाचा. जोडात उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. समजा, पेच सैल झाल्याने जोडाचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून 10 अँपिअर प्रवाह वाहू लागला. अंगठ्याएवढ्या जागेत 50 वॅट उष्णता साठू लागते. प्लास्टिक काळवंडते, वास येतो आणि शेवटी आग लागते. फ्यूज मात्र वितळत नाही. कारण त्याला वाढलेला प्रवाह कळतो, तापलेला जोड कळत नाही. जेथे फ्यूज पहारा देऊ शकत नाही, तेथे माणसानेच पहारा दिला पाहिजे.

तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्या तारा एकमेकींना नुसता पीळ देऊन जोडल्यास हाच धोका वाढतो. दोन्ही धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. ओलावा लागला की ॲल्युमिनियम झिजते. अशा ठिकाणी दोन्ही धातूंसाठी बनविलेला लग वापरणे हाच योग्य उपाय होय.

शेतीपंपाच्या बाबतीत सैल जोडाची किंमत शेतकऱ्याला रोकडीत मोजावी लागते. तीनपैकी एका फेजचा जोड सुटला की मोटार उरलेल्या दोन फेजांवर ओढ घेते, तापते आणि जळते. दोष दिला जातो मोटारीला. मूळ असते एका न आवळलेल्या पेचात.

पंचायत व शाळा यांचे कार्य

शाळा, अंगणवाडी, पंचायत कार्यालय आणि पाणीपुरवठ्याचा पंप येथील जोडांची पाहणी वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, व्हावी. काळवंडलेले सॉकेट, गरम लागणारा प्लग, चुरचुर आवाज करणारे बटण ही दोषाची लक्षणे शिक्षकांनी मुलांना सांगावीत. मात्र मुलांनी हात न लावता मोठ्यांना कळवावे, हेही तितक्याच आग्रहाने सांगावे. दुरुस्ती मुख्य खटका बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. 30 मिलीअँपिअरच्या गळतीवर प्रवाह तोडणारे साधन बसविल्यास जीविताचे रक्षण अधिक होते. पण ते अर्थिंगची जागा घेत नाही.

उत्सवाच्या मंडपात ओल्या जमिनीवर पडलेला, टेप गुंडाळलेला जोड दिसला, तर कार्यक्रम थोडा वेळ थांबला तरी चालेल. जोड आधी बदलावा. नव्या सॉकेटाला खर्च थोडा येतो; गेलेला जीव मात्र कोणत्याही निधीतून परत आणता येत नाही.